हत्ती न सोडणारी सीट

आमचा नातू गाडीतल्या कुठल्याही पट्ट्यातून साबणासारखा निसटायचा, म्हणून लेक मला आणि त्याला घेऊन त्याच्यासाठी चांगली सीट बघायला निघाली. वाटेभर मी स्वतः पट्टा न लावता पुढच्या दोन सीटांमधून मान काढून "अगं, ब्रेक दाब!" म्हणून तिला सांगत होतो.

"हिच्यात हत्ती बांधा, हलायचा नाही," दुकानदार लहान मुलांच्या एका सीटवर थाप मारत म्हणाला.

"हत्ती कुठून आणू? मीच बसतो."

मी त्या चिमुकल्या सीटमध्ये स्वतःला कोंबलं आणि खटका लावला. तो पुन्हा उघडेचना! दुकानदाराने भिंतीला पाय लावून ओढलं, लेकीने ढकललं, चार बघ्यांनी जोर लावला. माझ्या शर्टाची बटणं तेवढी सुटली, मी नाही. सगळे दमून खाली बसले, तेव्हा नातू आला आणि त्याने इवल्याशा बोटाने खटका दाबला. टक्! मी मोकळा.

दुकानदाराचा चेहरा पडला. "म्हणजे ही नको ना, ताई?"

"नको कशाला? ही बाबांसाठी घेते," लेक म्हणाली. "आता बाळासाठी दुसरी दाखवा."