नुसतं नाव

१९०५ साली ओहायोतल्या एका छोट्या कॉलेजाच्या धसमुसळ्या अमेरिकन फुटबॉलच्या प्रशिक्षकांनी, डॉर्सींनी, विजेतेपदासाठी संघात एक दांडगा लोहार घेतला. अडचण एवढीच, की गडी विद्यार्थी नव्हता. मग त्यांनी लॅटिनच्या वर्गातल्या काटकुळ्या लेम्युएलला गाठलं.

"पोरा, तुझं नुसतं नाव दे. मार तो खाईल, टाळ्या तुला!"

लेम्युएल भाळला. लोहार त्याच्या नावाने खेळत गेला, संघ जिंकत गेला. पेपरात नाव वाचून लेम्युएलच्या बापाने जन्मात पहिल्यांदा त्याची पाठ थोपटली.

अंतिम सामन्यात लोहाराने समोरच्या कर्णधाराचा जबडाच फोडला. विजेतेपद मिळालं, पण गावोगाव छी-थू झाली. कॉलेजच्या अध्यक्षांनी लेम्युएलला बोलावून हातात थेट बडतर्फीचा हुकूम ठेवला.

"सर, मी तर तेव्हा ग्रंथालयात होतो!"

"ठाऊक आहे रे मला. पण कॉलेजच्या अब्रूचा प्रश्न आहे. असला गुंड आम्ही ठेवून कसा घेणार?"

लेम्युएल ट्रंक उचलून घरी गेला.



पुढच्या मोसमात लोहाराला कर्णधार केलं, अर्थात नव्या नावाने.