मापाची खुर्ची

माझी बायको मब्रूका हिच्या मृत्यूनंतरच्या चाळिसाव्याच्या जेवणाचं कुसकुस अजून चुलीवर शिजत होतं, तोच तिच्या क्रीडा क्लबचा सचिव खमायस दारात आला. सोबत चाकाच्या खुर्चीत त्याची पुतणी रिहाब.

“मब्रूकाची शर्यतीची चाकाची खुर्ची न्यायला आलोय, लमजद. क्लबची वस्तू आहे. जागतिक पदकं तू ठेव, भिंत तरी भरलेली दिसेल.”

“ही खुर्ची माणसाच्या मापानं बनते. दुसऱ्याला तिचा काय उपयोग?”

“बसून बघू दे की पोरीला.”

ती खुर्ची दोन वर्षांपूर्वी ट्युनिसहून माझ्या बायकोच्या नावानं आली होती. पहिल्या दिवसापासून तिला कमरेत घट्ट व्हायची. “माझंच अंग सुटलंय,” म्हणत तिनं रात्रीचं जेवण सोडलं आणि त्याच खुर्चीत पदकं जिंकली. मांडीखाली जखम झाली, पण कमरेखाली संवेदना नसल्यानं ती उशिरा कळली. त्या जखमेनंच ती गेली.

रिहाब हातांवर भार देत, गुडघे दुमडून शर्यतीच्या खुर्चीत उतरली. कुठे बोटभर फट नाही, कुठे घट्ट नाही.

“काका, अगदी बरोबर आलीय,” ती खुलून म्हणाली. “दोन वर्षांपूर्वी तुम्ही माझं माप पाठवलं होतंत ना, तशीच. म्हणाला होतात, मब्रूकाताई थकेपर्यंत थांब.”

“चल, निघू या आपण,” खमायस घाईनं म्हणाला.

मी दाराला आतून कडी घातली.

“बस, खमायस. चाळिसाव्याला आलेला माणूस जेवल्याशिवाय जात नाही.”