वासाचा रकाना

दोघी बहिणी शेजारशेजारच्या देशांत दिलेल्या, आणि दोन्हीकडे युद्ध पेटलेलं. थोरलीकडे महासत्तेचं सैन्य नवव्या दिवशी आलं. धाकटीकडे चार वर्षांत फक्त ‘तीव्र चिंता’ आली.

"आमच्या दारातच रणगाडा लावलाय बाई. आता कशी निवांत झोप लागते," थोरली फोनवर सांगायची. धाकटी तळघरात बसून ऐकायची आणि जळून खाक व्हायची. लहानपणी खिडकीची जागाही हिलाच मिळायची.

"तुमच्यातच असं काय आहे गं ताई?"

"काही नाही गं. जमिनीखाली थोडं तेल आहे म्हणे."

धाकटी विहिरींचं पाणी तपासणाऱ्या कचेरीत होती. दर महिन्याला परदेशी संस्थेकडे जाणारा तिचा अहवाल आजवर कुणी उघडलाही नव्हता. त्यातल्या ‘वास’ या रकान्यात ती नेहमी ‘नाही’ लिहायची. या खेपेला तिने लिहिलं, ‘रॉकेलचा’.

चौथ्या दिवशी तिच्या दारात रणगाडा उभा राहिला. तिने मोठ्या तोऱ्यात ताईला फोन लावला.

 

"आमचा सकाळीच गेला गं," ताई तळघरातून म्हणाली. "दुसरीकडे जास्त गरज आहे म्हणे."