हात केला की

नवी रॅम बसवून बटण दाबलं, तर पडदा काळाच राहिला. तेजश्रीनं वायर काढली आणि कॉम्प्युटरचं कव्हर पुन्हा उघडलं.

“बंद पडली काय गं?” सोमेश्वर खुर्चीच्या कडेवर येऊन बसले.

“न्हाई मामा. नीट बसली नसंल.” तिनं पट्टी बाहेर काढली, सोनेरी कडेवरून खोडरबर फिरवलं आणि फुंकर मारली.

“आपल्या गाडीला पाशिंजर उतरून धक्का मारायचे,” दारातून रामकिसन म्हणाला. “तुझ्या सुनेच्या गाडीला खोडरबर लागतंय व्हय बे?”

सोमेश्वर एसटीचे ड्रायव्हर, रामकिसन त्यांचा कंडक्टर. दोघं रिटायर झाले तरी एकमेकांच्या दारातून हलले नव्हते. गावात सप्ता बसला होता. हरिपाठाला उभं राहायचं म्हणून रामकिसनच्या गळ्यात दुपारपासूनच टाळ होते.

“चल की. आज म्हाराज लई गोड हायेत म्हणं.”

“एक खेप मारतो, मग येतो.”

ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचा हा तेजश्रीचा कॉम्प्युटर. गिऱ्हाईक नसलं की तिचे सासरे त्यावर मोटारींच्या शर्यतीचा गेम लावायचे. सुरुवातीला गाडी अडखळायची, जागीच थिजायची, मग एकदम उडी मारून पुढं जायची. कॉम्प्युटरला झेपत नव्हतं. म्हणून तेजश्रीनं सेटिंगमधे जाऊन झाडं काढली, घरं काढली, रस्त्याकडेची माणसं काढली. गाडी पळायला लागली. सोमेश्वर त्या मोकळ्या रस्त्यानं बरेच दिवस निमूट फिरले. मग एकदा हळूच म्हणाले, “पोरी, ह्या रस्त्याला माणूसच न्हाई गं. फाट्यामागं फाटा येतोय, पन हात करणारं कुणी न्हाई.”

कॉम्प्युटरच्या वरच भिंतीवर तिच्या सासूबाईंचा, सुभद्राबाईंचा फोटो होता. हार अजून नवा होता. पालीच्या फाट्यावर ही बाई डबा घेऊन उभी राहते आणि नवऱ्याच्या गाडीला पाशिंजरासारखा हात करते, हे बीड-मांजरसुंबा रस्त्यावर सगळ्यांना ठाऊक होतं.

मामांचं ते बोलणं ऐकलं, त्याच दिवशी तेजश्रीनं रॅम मागवली होती.

आता तिनं पट्टी खाचेत ठेवून दोन्ही अंगठ्यांनी दाबली. टक्‌ करून कड्या मिटल्या. वायर लावली, बटण दाबलं. पडदा उजळला.

“विठ्ठल, विठ्ठल,” सोमेश्वर पुटपुटले.

तिनं सेटिंग उघडलं. झाडं चालू केली. घरं चालू केली. शेवटच्या ओळीवर तिचं बोट जरा थांबलं.

“माणसं टाकू का, मामा?”

“टाक की. त्याच्यासाठीच तर बसलोय.”

त्यांनी चष्मा पुसला. चपला काढून उजवा पाय फरशीवर टेकवला, बोटं कीबोर्डच्या बाणांवर ठेवली. पडद्यावर हिरवा दिवा लागला. बाकीच्या गाड्या धूळ उडवत निघून गेल्या. सोमेश्वर हलले नाहीत. मान वळवून रामकिसनकडं बघत राहिले.

रामकिसननं टाळ दोनदा वाजवले. “डबल! जाऊ द्या!”

तेव्हा गाडी निघाली.

“मामा, पयल्यापासूनच शेवटी!” तेजश्री हसली.

“डबल बेल झाल्याबिगर जन्मात गाडी हलवली न्हाई मी.”

गाडी अडखळली नाही. रस्ता सरळ हातात येत गेला. दोन्ही बाजूंना झाडं उगवली. वळणावर पाणी दिसलं.

“बघ रं, धरणावानी तळं बी हाय.”

“तळं काय बघतूस? पळव की बे! सायकलवाला बी पुढं जाईल.”

“उभे पाशिंजर हायेत माझ्या गाडीत. गचके बसत्यात.”

चढ संपला. फाटा आला. कठड्याला टेकून दोन-चार माणसं उभी होती. त्यांच्यापासून बाजूला, एकटीच, पिवळ्या कपड्यातली एक बाई. तिनं हात वर केला.

सोमेश्वरांचा पाय फरशीवर दाबला गेला. बोट मागच्या बाणावर गेलं. गाडी डाव्या अंगाला आली आणि हिसका न देता बाईसमोर थांबली, दार नेमकं तिच्या पुढ्यात येईल अशी.

“मामा, पळवा! शर्यत हाय ही!”

“हात केलाय तिनं.”

बाईनं हात खाली घेतला, पुन्हा वर केला. खाली घेतला, वर केला. एवढंच तिला येत होतं. घड्याळ वरच्या कोपऱ्यात पळत होतं. सोमेश्वर कीबोर्डवर वाकले, एकेक बटण न्याहाळू लागले.

“तेजू, दार उघडायचं बटण कंचं गं?”

तेजश्रीनं तोंड उघडलं. मग स्टूल ओढून त्यांच्या शेजारी बसली. असं बटण नाही, हे तिला माहीत होतं.

“बघू मामा,” ती म्हणाली, आणि तीही पहिल्या ओळीपासून शोधायला लागली.

देवळाचा भोंगा वाजला. टाळकऱ्यांनी लवकर यावं, हरिपाठ उभा राहतोय. त्या आवाजासरशी रामकिसनचे हात सवयीनं वर आले, दोन्ही हातांत टाळ. त्यानं पडद्याकडं पाहिलं. मग भिंतीकडं.

“सावकाश,” तो म्हणाला. “चढू दे. घाई न्हाई.”

दोन टाळांमधे बोटभर जागा होती. रामकिसननं ती तशीच धरून ठेवली.