इथरनेटचा पत्ता

अकोल्याच्या कंपनीत नीलम पाऊस मोजणाऱ्या यंत्रांच्या फाइली तपासत होती. तिच्या गावच्या आणि शेजारच्या गावच्या यंत्राला इथरनेटचा, म्हणजे नेटवर्कवर यंत्र ओळखायचा, एकच पत्ता लिहिलेला तिला दिसला. त्यामुळे दोन्हीकडचा पाऊस शेजारच्या गावाच्या नावावर चढत होता आणि तिच्या गावापुढे शून्य दिसत होतं. खरं तर कोरडं होतं ते शेजारचं गाव. दुष्काळाच्या यादीत मात्र तिचं गाव गेलं होतं.

"राहू दे तसंच," साहेब म्हणाले. "तुह्याच गावाचं नाव कटीन. मंग तिथं तोंड कसं दाखवशीन?"

तिनं दोन वेगळे पत्ते लिहिले. पंधरा दिवसांत यादी बदलली, आणि तिच्या गावाचं नाव कोणामुळे गेलं ते गावात कळलं.

रविवारी ती घरी आली, तर सरपंच दहा-बारा माणसं घेऊन दारात उभे होते. "कोणाच्या सांगण्यावरून केलं हे? गावाची दुश्मन हायेस काय तू?" कोणीतरी तिची बॅग हिसकून नालीत फेकली.

तिचा बाप, श्रावण, बाहेर आला. "माह्या सांगण्यावरून केलं तिनं," तो म्हणाला. "काय करायचं ते मले करा."



नीलमनं बापाला यातलं अवाक्षरही सांगितलं नव्हतं.