कॅलिफोर्नियापर्यंतचे पूल

नेब्रास्कातला अख्खा हिवाळा वर्लिनने शेडमध्ये जुनी व्हॅन सजवण्यात घालवला. आत पलंग बसवला, शेगडी बसवली, टपावर होडी नटबोल्टांनी आवळली. कॅलिफोर्नियापर्यंत वाटेतला कुठला पूल किती उंच, हे त्याला तोंडपाठ होतं. बायको डोरीन काही सुचवायला गेली, की तो म्हणायचा, "तू सँडविचचं बघ गं, यातलं तुला काय कळतंय!"

निघायच्या सकाळी निरोप द्यायला शेजारीपाजारी गरमागरम ॲपल पाय घेऊन अंगणात जमले. व्हॅन ऐटीत दोन हात सरकली आणि धाडकन अडली.

"पूल सगळे मोजलेस," डोरीन म्हणाली, "आपल्या शेडचं दार तेवढं राहिलं बघ."

वर्लिन खाली उतरला. फुटक्या होडीकडे बघत त्याने टोपी काढली आणि शेजाऱ्यांकडे वळून तो म्हणाला,




"या मंडळी, आत या. आमचा पहिला मुक्काम आला."