प्रायोजकाची सही

दुकानात माझ्यापुढे चहाचा कप ठेवून बायको रोजच्यासारखी “पाय मोकळे करून येते” म्हणत बाहेर पडली. तेवढ्यात युवक मंडळाच्या सेक्रेटरीची आई मंडळाच्या नोंदणीच्या नूतनीकरणाचे कागद घेऊन आली. खेळाच्या सामानाचं दुकान माझं, म्हणून प्रायोजकही मीच. माझी सही नसली, तर मंडळ बंद आणि मैदानही हातचं जाणार.

“वहिनी, तुमच्या लेकासकट सगळी पोरं नोकरीसाठी पांगली. आता उरलंय कोण? दर वर्षी नवा व्हॉलीबॉल मी काय हवेत उडवायला देऊ?” आज सही करायचीच नाही, असं मी ठरवूनच बसलो होतो.

त्यांनी पिशवीतून गेल्या वर्षीचा बॉल काढून काउंटरवर ठेवला. पार घासून गुळगुळीत झालेला, शिवण उसवलेली.

“अहो, याची ही दशा केली कुणी?”

“आम्हीच. नियमात वयाची अट नाही, मी बघून घेतलंय,” त्यांनी पेन माझ्या हातात दिलं.

 

“आता सही करा पटकन, भाऊजी. तुमचा चहा लवकर उरकला, म्हणून आज कुठे आमची कॅप्टन वेळेवर मैदानात पोचतेय.”